सेन्सर घेण्यापूर्वी त्याची जात ओळखा

साध्या यंत्रमागावर बाण्याचा धागा तुटला की काटा माग थांबवतो. सारे काम डोळ्यांना दिसते. रेपियर लूमचे तसे नाही. तेथे शाफ्टजवळ अंगठ्याएवढी धातूची नळी बसवलेली असते आणि शाफ्ट कुठवर फिरला याची खबर तीच देते. खबर चुकली तर माग भलत्या ठिकाणी थांबतो, कापडावर आडवी पट्टी उमटते आणि ताका दुय्यम मालात जातो. भाव तुटतो तो कारखानदाराचा, आणि आमच्यासारख्या माल उचलणाऱ्याचाही. म्हणून व्यापारी असूनही आम्ही या नळीची माहिती करून घेतली.

ही नळी बहुधा इंडक्टिव्ह जातीची असते. आत तारेची गुंडाळी असते, तिच्याभोवती वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. धातू जवळ आला की त्याच्या अंगात विजेचे भोवरे उठतात, ते क्षेत्राची ताकद खातात, आणि आतले सर्किट स्विच बदलते. रुई, धूळ, तेल यांची तिला पर्वा नसते. लूमखात्यात हीच जात टिकते, ती यामुळेच.

मात्र सगळे धातू तिला सारखे नाहीत. साध्या १२ मि.मी. नळीवर २ मि.मी., १८ च्या नळीवर ५ मि.मी. असे अंतर लिहिलेले असते, ते साध्या पोलादाचे. अॅल्युमिनियम किंवा तांब्यासमोर ते निम्म्याहूनही कमी भरते. मिस्त्रीने लोखंडी पत्ती मोडली म्हणून अॅल्युमिनियमची ठोकली, की दोष सेन्सरवर येतो!

कपॅसिटिव्ह जात धातूबरोबर प्लास्टिक, पाणी, सायझिंगची खळ हेही ओळखते. प्लास्टिकच्या टाकीबाहेरूनही पातळी सांगते. पण दमट हवा व साचलेली घाण तिला फसवते, म्हणून मागचा बारीक स्क्रू जुळवावा लागतो. प्रकाशाचा सेन्सर लांबून पाहतो. मात्र कापडावरून परतणाऱ्या उजेडावर चालणारा असेल तर काळ्या कापडापुढे कमजोर पडतो, आणि काचेवर रुई बसली की कोणताही प्रकार आंधळा. आवाजाच्या प्रतिध्वनीवर चालणाऱ्या अल्ट्रासोनिकला रंगाशी देणेघेणे नाही. जाड, मऊ कापड मात्र आवाज गिळते.

खरेदीत खरा घोटाळा तारांचा. तीन तारांच्या सेन्सरमध्ये साधारणपणे तपकिरी तार प्लस, निळी मायनस आणि काळी खबरेची. पीएनपी काळ्या तारेवर प्लस जोडतो, एनपीएन मायनस. बाहेरून दोन्ही जुळे भाऊ! 'चालून जाईल' म्हणणारे दुकानदार कमी नाहीत. पण पॅनेल एकाचे आणि सेन्सर दुसऱ्याचा असला तर माग हलत नाही. जुना नग हातात घेऊनच बाजारात जावे आणि त्यावरचा पूर्ण नंबर जुळवावा.

नवा नग घेण्याआधी जुना तपासा. मोटारचा पुरवठा तोडून फक्त कंट्रोलचा चालू ठेवा आणि नळीच्या तोंडाशी लोखंडी पट्टी धरा. पाठीमागचा बारीक दिवा बदलला तर नळी बहुधा शाबूत आहे. मग पत्तीचे अंतर आणि तार पाहा.