लातूर-नांदेड एकाच चौकोनात

लातूर ते नांदेड सरळ रेषेत मोजलं तर सुमारे ११५ किलोमीटर भरतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, म्हणजे आयआयटीएमनं, पृथ्वीच्या हवामानाचं जे संगणकीय प्रारूप बनवलं आहे, त्यात वातावरणाचा एकेक चौकोन साधारण २०० किलोमीटर रुंद आहे. ही दोन्ही शहरं आणि मधलं अहमदपूर, लोहा त्यातल्या एकाच चौकोनात मावतात. अख्ख्या चौकोनाला एका उंचीवर, एका वेळी, एकच तापमान आणि एकच आर्द्रता. प्रत्यक्षात औशावर कोसळणारा ढग पाच-दहा किलोमीटरचा असतो आणि त्याच वेळी उदगीरला ऊन असतं. मग प्रारूपाला ढग दिसतो कसा?

दिसत नाहीच. तो नियमानं ठरवावा लागतो: आर्द्रता इतकी झाली की चौकोनाचा इतका हिस्सा ढगाळ धरायचा, खालची हवा इतकी तापली की ती इतक्या उंचीवर चढली असं मानायचं. हे नियम निरीक्षणांवर आणि भौतिकशास्त्रावर बेतलेले असतात, पण प्रत्येक संस्थेचे थोडे वेगळे. जग किती तापेल याबद्दल प्रारूपांची उत्तरं वेगवेगळी येतात, त्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

ढगाचा हिशेब दुहेरी असतो. दिवसा तो ऊन परतवतो. रात्री जमिनीची उष्णता वाकळ पांघरल्यासारखी धरून ठेवतो. सगळ्या पृथ्वीची सरासरी काढली तर ढग दर चौरस मीटरला सुमारे २० वॉट थंडावाच देतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर सुमारे ४ वॉटची भर पडते. ढगांच्या हिशेबात थोडा फरक पडला तरी तापमानवाढीचं गणित हलतं, ते यामुळे.

उष्ण कटिबंधातले उंच ढग आधी घेऊ. आपल्याकडे जूनमध्ये गडगडत वर चढतात आणि माथ्याशी पसरतात, ते हे. ते किती वर जातील हे वरच्या हवेतल्या वाफेवर ठरतं. एका उंचीनंतर वाफ इतकी विरळ होते की तिथल्या हवेला आपली उष्णता अवकाशात टाकून निवताच येत नाही. ढगाची चढण तिथं संपते. वाफेचं प्रमाण तापमानाशी बांधलेलं असल्यानं हा थांबा ठरावीक तापमानालाच येतो. हवामानशास्त्रज्ञ हार्टमन आणि लार्सन यांनी २००२ मध्ये ही कल्पना मांडली. जग तापलं की ढगाचा माथा वर सरकेल, पण तो जवळपास पहिल्याइतकाच गार राहील. खाली जमीन जास्त तापलेली, तरी वरून बाहेर पडणारी उष्णता तेवढीच. उरलेली अडकते. मला या विषयातला हा सर्वांत देखणा युक्तिवाद वाटतो, कारण तो कुठल्याही चौकोनाच्या आकारावर अवलंबून नाही.

खरी भांडणं समुद्रावरच्या ठेंगण्या ढगांवरून आहेत. समुद्र तापला की वरची कोरडी हवा खाली मिसळून हे ढग विरळ होतात आणि जास्त ऊन पाण्यावर पडतं. किती विरळ? २०२० मध्ये कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटाजवळ विमानं आणि जहाजं घेऊन शास्त्रज्ञांनी मोजमाप केलं. काही प्रारूपं दाखवत होती तितके तिथले ढग नाजूक नाहीत, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं. तरी एकूण दिशा बदललेली नाही: संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २०२१ च्या अहवालानुसार सगळे ढग मिळून तापमानवाढीला हातभारच लावतील.

भारतानं फ्रान्ससोबत १२ ऑक्टोबर २०११ रोजी सोडलेला 'मेघा-ट्रॉपिक्स' उपग्रह ढगांच्या याच हिशेबासाठी होता. त्याची कक्षा विषुववृत्ताशी २० अंश कललेली, म्हणून तो उष्ण कटिबंधावरूनच पुन्हापुन्हा फिरे. लातूर १८.४ अंशांवर आणि नांदेड १९.१ वर, म्हणजे त्याच्या वळणाच्या अगदी जवळ.

आता पाऊस. इथं गल्लत होते. ढग जग किती तापवतील हा एक प्रश्न, आणि लातूरला किती पाऊस पडेल हा वेगळा. एक अंश तापमान वाढलं की हवेत सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते, पण जगाचा एकूण पाऊस त्या मानानं बराच कमी, अंशामागे दोन-तीन टक्क्यांनीच वाढतो. जोराची सर मात्र जवळच्या साऱ्या वाफेवर पोसते, त्यामुळे ती जास्त जोरानं येते आणि मधल्या उघडिपी लांबू शकतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं लातूर आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुरात सापडलेला नांदेडचा मुखेड तालुका, ही या चौकोनातली दोन टोकं आहेत. प्रारूपातला चौकोन मात्र दोघांची सरासरी काढून मोकळा होतो.

चौकोन लहान करण्याचे प्रयत्न चालू आहेत. आयआयटीएममध्ये विकसित झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' मे २०२५ पासून ६ किलोमीटरच्या जाळ्यावर चालते. पण ती येत्या काही दिवसांच्या अंदाजासाठी आहे. तेवढ्या बारीक जाळ्यावर शंभर वर्षं चालवायला अफाट संगणकशक्ती लागते. म्हणून दक्षिण आशियासाठी मोठ्या प्रारूपाच्या आत ५० किलोमीटरचं बारीक जाळं बसवतात. त्यात लातूर आणि नांदेड वेगळे होतात. पण ढगांचे नियम तिथंही मानलेलेच असतात, आणि सीमेवरून आत येणारी हवा मोठ्या प्रारूपाकडूनच आलेली असते, त्याच्या चुकांसकट.