वर्दी की पुढचे शिक्षण? आधी वयाचे गणित मांडा

इंजिनिअरिंगचे शेवटचे वर्ष सुरू झाले की आमच्या वस्त्यांतील घराघरांत एकच वाद पेटतो. मुलगा म्हणतो, लष्करात अधिकारी व्हायचे आहे. आई म्हणते, एकुलता एक आहेस. मामा म्हणतो, गेट दे, एम.टेक. कर. बाप शैक्षणिक कर्जाचा हप्ता मोजत गप्प बसतो. विहारातल्या बैठकीनंतर, कधी कोर्टाच्या आवारातही पालक आम्हाला विचारतात, "वकीलसाहेब, पोराला लष्करात पाठवावे की पुढे शिकवावे?" आमचे उत्तर असे की, दोन्हींपैकी आधी काय, एवढेच आज ठरवायचे आहे. कारण प्रत्येक दरवाजा वेगळ्या वयात बंद होतो.

लष्करात इंजिनिअरला तांत्रिक अधिकारी होण्याच्या दोन प्रमुख वाटा आहेत. टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्समधून डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत प्रशिक्षण मिळते व कायम कमिशन मिळते. ही वाट अविवाहित मुलांसाठी आहे. दुसरी वाट शॉर्ट सर्व्हिस कमिशनची, ती मुलींनाही खुली आहे. तिची मुदत 10 वर्षे. पुढे 4 वर्षे वाढू शकते. दोन्हीकडे लेखी परीक्षा नाही. पदवीच्या गुणांवर छाननी होते आणि मग एसएसबीची पाच दिवसांची मुलाखत. वयाची अट 20 ते 27. येथे अनुसूचित जातीच्या उमेदवाराला वयात सवलत नाही आणि जागांत आरक्षणही नाही.

आता दुसरी बाजू पाहा. यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेची वयोमर्यादा 30, पण आपल्या मुलांना ती 35. तेथे 15 टक्के आरक्षण आहे. बौद्धांना केंद्रात ही सवलत 1990 च्या दुरुस्तीने मिळाली. म्हणून केंद्राच्या नमुन्यातले जातीचे प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. याच परीक्षेतून मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसमध्ये मुलकी अधिकारी म्हणून जाता येते. लष्कराच्या इमारती, धावपट्ट्या, पाणीपुरवठा यांचे काम करायचे आहे पण वर्दी नको, अशांना ही मधली वाट आहे. परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीही वयाच्या 35 पर्यंत मिळू शकते. गेटला तर कमाल वयाची अटच नाही.

गणित उघड आहे. वर्दीचा दरवाजा सर्वांत आधी बंद होतो आणि तो पुन्हा उघडत नाही. "आधी एम.टेक. करतो, मग बघू" म्हणणारा मुलगा अनेकदा अठ्ठाविसाव्या वर्षी जागा होतो. उलट लष्करात गेल्यावर शिक्षण थांबत नाही. दापोडीचे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग आपल्या पुण्यातच आहे. ज्या महूच्या छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला, तेथे आज लष्कराचे दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. निवडक अधिकाऱ्यांना लष्कर स्वखर्चाने आयआयटीत एम.टेक.ला पाठवते. मात्र निवड आणि वेळ लष्कराच्या गरजेप्रमाणे ठरते, हेही ध्यानात असू द्यावे.

आम्ही वकील आहोत, म्हणून करार वाचल्याशिवाय सही करू नका असे सांगणे आमचे कामच आहे. शॉर्ट सर्व्हिसमध्ये 10 किंवा 14 वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला नेहमीचे निवृत्तिवेतन नाही. अधिकाऱ्याला त्यासाठी 20 वर्षांची सेवा लागते. तेविसाव्या वर्षी गेलेला मुलगा तेहतिसाव्या वर्षी, बहुधा बायको-मुलांसह, पुन्हा नोकरी शोधत असेल. त्या दिवसाची तयारी पहिल्या पगारापासून करावी लागेल. प्रशिक्षण स्वेच्छेने अर्ध्यावर सोडले तर खर्च वसूल केला जातो. पगाराचे म्हणाल, तर सातव्या वेतन आयोगाने लेफ्टनंट आणि अभियांत्रिकी सेवेतला अधिकारी दोघांचेही सुरुवातीचे मूळ वेतन 56,100 रुपयेच ठेवले. लष्करात त्यावर 15,500 रुपये सैनिकी सेवा वेतन दिले. निव्वळ पैशासाठी निर्णय करावा, एवढा हा फरक नाही.

चळवळीच्या दृष्टीनेही एक किंमत आहे. घटनेच्या कलम 33 ने सैन्यदलांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. लष्करी अधिकाऱ्याला राजकीय संघटनेत जाता येत नाही, परवानगीशिवाय वर्तमानपत्रात लिहिता येत नाही. मोर्चात पुढे चालणारा एखादा तरुण आपण गमावतो. पण जेथे आरक्षणाने जाता येत नाही, तेथे आपला माणूस निर्णयाच्या टेबलावर बसतो, याचेही मोल आहे.

बाबासाहेबांपुढेही ही निवड आली होती. 1913 च्या जानेवारीत ते बडोदा संस्थानच्या सैन्यात लेफ्टनंट म्हणून रुजू झाले. 2 फेब्रुवारीला सुभेदार रामजी गेले. त्याच वर्षी सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीची संधी आली, आणि परतल्यावर 10 वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार करून ते कोलंबियाला गेले. ती शिष्यवृत्ती पुन्हा चालून येईल याची हमी नव्हती. 1917 साली महाराजांचे लष्करी सचिव म्हणून ते बडोद्याला परतले, तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला खोली मिळेना. पदवी आणि पद दोन्ही असून जात आडवी आली, हे खरे. पण जी संधी निसटली असती ती त्यांनी आधी पकडली, हेही तितकेच खरे.

म्हणून ज्याला संशोधनाचीच ओढ आहे, त्याने शेजाऱ्याच्या वर्दीकडे पाहून विचार बदलू नये. ज्याच्यावर आजारी आईबापांची जबाबदारी आहे, त्याने दूरच्या बदल्यांचा विचार आधी करावा. पण ज्याच्या मनात वर्दी आहे, त्याने शेवटच्या वर्षातच अर्ज भरावा आणि सोबत गेटही द्यावी. एक दुसऱ्याच्या आड येत नाही. नाशिक रोडला राज्य शासनाच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात एसएसबीची तयारी विनामूल्य करून घेतली जाते, तिचा लाभ घ्यावा. मुलींच्या पालकांना आमचे खास सांगणे: 17 फेब्रुवारी 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शॉर्ट सर्व्हिसमधील महिला अधिकाऱ्यांचा कायम कमिशनचा हक्क मान्य केला आहे. लग्नाच्या घाईत मुलीची पंचविशी घालवू नका.

वादात बापाने गप्प बसू नये, मामाने हुकूम सोडू नये. मुलाला किंवा मुलीला समोर बसवून वय, कर्ज, घरची जबाबदारी आणि तिची-त्याची ओढ या चार गोष्टी एका कागदावर लिहाव्यात. सत्ताविसावा वाढदिवस कोणत्या तारखेला येतो, तेही त्याच कागदावर लिहावे.