पाय गेला तरी हात शाबूत आहेत : काजूच्या धंद्यातील एक वाट

नेसरी म्हटले की लोकांना प्रतापराव गुजर आठवतात. व्यापारी माणसाला मात्र या गावावरून आजरा, चंदगडकडे जाणारा ऊस आणि काजूचा पट्टा आठवतो. याच पट्ट्यात कडबा कुट्टीत कुणाची बोटे जातात, उसाच्या ट्रॉलीखाली कुणाचा पाय सापडतो, तर मुंबईला बांधकामावर गेलेला कुणी कंबर मोडून परत येतो. दवाखान्याचे बिल कसेबसे फिटते. नंतर तो कर्ता माणूस ओसरीवर बसतो आणि घरचे मायेने म्हणतात, "आता तुम्ही काही करू नका." आमच्या मते खरे नुकसान येथून सुरू होते.

कायदा अवयव मोजतो, धंदा मोजत नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईची ३० टक्के हानी धरली होती. पण शिंप्याचा अंगठा गेला तर त्याचा सारा धंदाच जातो, आणि दुकानात हिशेब लिहिणाऱ्याचा डावा अंगठा गेला तर फारसे बिघडत नाही. म्हणून पुनर्वसनाचा पहिला प्रश्न "काय गेले?" असा नसून "काय उरले, आणि ते कोणत्या कामाला पुरेल?" असा असला पाहिजे.

आता काजूचा कारखाना पाहा. बी वाळवणे, वाफवणे, फोडणे, गर भट्टीत सुकवणे, साल सोलणे, प्रतवारी करणे आणि डबे भरणे अशी कामे एकामागून एक चालतात. वाफवण्याच्या जागी ओझे उचलावे लागते, तेथे धडधाकट माणूसच हवा. फोडण्याचे यंत्र हाताने व पायाने चालते. एक पाय चांगला असेल आणि पायटा त्या बाजूला बसवून घेतला, तर हे काम जमू शकते. सोलणे आणि प्रतवारी तर बसूनच करायची कामे आहेत. ३२० नंबरचा माल म्हणजे एका पौंडात सुमारे तीनशे ते तीनशे वीस अख्खे गर. अख्ख्या गराला तुकड्यापेक्षा भाव जास्त मिळतो, म्हणून येथे धावपळीपेक्षा सावध बोटांना किंमत आहे. एक धोका मात्र मालकाने ध्यानात ठेवावा. टरफलातील तेल कातडी जाळते. ज्यांच्या हातांची संवेदना गेली आहे, त्यांना ते भाजलेलेही कळत नाही. अशांना फोडणीच्या टेबलावर बसवू नये.

हा केवळ कल्पनेचा खेळ नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे कमरेखालचे शरीर ऐन तारुण्यात लुळे पडले. तरीही त्यांनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. या संस्थेने वसतिगृह व शाळेबरोबर कामाची सोयही केली, आणि सिंधुदुर्गात 'स्वप्ननगरी' येथे अपंगांच्या हातून काजू प्रक्रियेचे काम सुरू केले. त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन कारखानदारांनीही वाचावे.

याउलट टेलिफोन बूथची गोष्ट. एके काळी अपंगांना एसटीडी-पीसीओ बूथ देण्याची मोठी लाट होती. मोबाईल घरोघर आले आणि ते बूथ ओस पडले. बूथ देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण हातात हुन्नर दिला नव्हता, नुसती पेटी दिली होती. शिलाई यंत्रे वाटून फोटो काढणाऱ्या मंडळींनी याचा विचार करावा.

सरकारी नोकराची स्थिती बरी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० नुसार, नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कुणाला काढता येत नाही किंवा खाली उतरवता येत नाही. पूर्वीचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. एसटीच्या चालकाची नजर अधू झाली आणि कुणी राजीनाम्याचा कागद पुढे केला, तर सही करण्याआधी त्याने हे कलम वाचून घ्यावे. खाजगी दुकानात किंवा शेतावर राबणाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही. त्याच्यासाठी मालकाशी बोलणे हाच मार्ग उरतो.

बोलताना दयेची भाषा नको. पंधरा दिवस काम पाहा, किलोवर मजुरी द्या, असे सरळ सांगावे. सोबत दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ठेवावे. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्वाची अट असते. कारखान्याचा उंबरा, शौचालयाचे दार आणि यायची-जायची सोय या तीन गोष्टी आधीच पाहून घ्याव्यात, कारण काम जमूनही माणूस घरी बसतो तो पुष्कळदा यांच्यापायीच. काजू बी साधारण मार्च ते मे या काळात बाजारात येते. मालक माणसांची जुळवाजुळव त्याआधी करतात, तेव्हा फेब्रुवारीतच जाऊन भेटावे.