गर्भाशयमुखात रुजलेला गर्भ

अस्थानिक गर्भ, म्हणजे गर्भाशयाच्या पोकळीबाहेर रुजलेला गर्भ, म्हटलं की गर्भनलिका आठवते. पण अशा शंभर गर्भांत जेमतेम एखादा, किंबहुना त्याहूनही क्वचित, गर्भाशयमुखात रुजतो. पाळी चुकते, मग बहुधा न दुखताच रक्त जातं आणि गर्भपात समजून क्युरेटिंगची, म्हणजे गर्भाशय खरवडण्याची, घाई होते. खरा धोका इथेच आहे. बाळंतपणानंतर गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात. मुखाशी हा स्नायू फार थोडा, म्हणून खरवडल्यावर रक्त आवरत नाही. पूर्वी जीव वाचवायला अनेकदा गर्भाशयच काढावं लागे.

आता योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत रिकामं गर्भाशय आणि मुखातला गर्भकोश दिसतो. लवकर कळलं तर मेथोट्रेक्सेट हे गर्भाची वाढ थांबवणारं औषध देतात. गर्भाच्या हृदयाचे ठोके असतील तर गर्भात पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन. रक्तस्रावावर फोली कॅथेटरचा फुगा, किंवा गर्भाशयाची धमनी आतून बंद करणं. पुढे एचसीजी हे गर्भारपणाचं संप्रेरक शून्यावर येईपर्यंत रक्ततपासण्या, त्या चुकवू नयेत.

बेंगळुरूत नोकरीसाठी, माहेर-सासरपासून दूर राहणाऱ्या मराठी मुलींनो, आधी सिझेरियन, क्युरेटिंग किंवा आयव्हीएफ झालं असेल तर डॉक्टरांना सांगा. क्युरेटिंगआधी सोनोग्राफी झाली का, हे विचारा. रक्त फार जात असेल तर छोट्या दवाखान्यात थांबू नका. वाणी विलाससारखं मोठं रुग्णालय गाठा.