विज्ञानकथेला बक्षीस कोण देतं?

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावानं एक कथा आली. कथेचं नाव ‘कृष्णविवर’. तिला पहिलं बक्षीस मिळालं. मग उलगडा झाला की हे जगताप म्हणजे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. जयंत विष्णु नारळीकर. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी फिरवली की ना. वि. ज. होतात, एवढीच ती युक्ती. परिषदेतली मंडळी आपलं अक्षर ओळखतील म्हणून त्यांनी कथा पत्नी मंगलाबाईंच्या हस्ताक्षरात उतरवून घेतली होती. कथेचा जन्मही असाच चोरून झालेला. अहमदाबादच्या एका परिसंवादात कुणाचं तरी कंटाळवाणं भाषण चाललं होतं, आणि हे श्रोत्यांत बसून गोष्ट लिहीत होते. त्या अनाम वक्त्याचे मराठी साहित्यानं आभार मानायला हरकत नाही.

इतकी लपवालपवी कशासाठी, तर नाव फार मोठं होतं. १९६४ साली फ्रेड हॉइल यांच्याबरोबर मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतामुळे ते देशभर माहीत झाले होते आणि १९६५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पद्मभूषणही मिळालं होतं. हे नाव कथेवर दिसलं असतं, तर परीक्षकाची लेखणी बिचकली असती किंवा उगाच मऊ झाली असती. जगतापांच्या कथेला यातली कुठलीच सवलत नव्हती, म्हणून त्या बक्षिसाला किंमत.

ज्या परिषदेनं ते दिलं, तिची स्थापना १९६६ ची. विज्ञान मराठीतून सांगायचं, एवढ्या साध्या हेतूनं निघालेली ही संस्था. तिचं विज्ञान भवन शीव-चुनाभट्टीला आहे. आम्हा वसईकरांना तिथं जायचं तर दादरला गाडी बदलावी लागते आणि सकाळच्या विरार लोकलमधून दादरला उतरता येणं ही स्वतंत्र विज्ञानकथा आहे. स्पर्धा घेणं, पत्रिकेत कथा छापणं, अधिवेशनं भरवणं अशी कामं परिषद वर्षानुवर्षं करत आली आहे. विज्ञानकथा मराठीत त्याआधी नव्हती असं नाही. ज्यूल व्हर्नची भाषांतरं होती, भा. रा. भागवतांनी मुलांसाठी व्हर्न आणि वेल्स आणले होते, अनंत अंतरकरांचं ‘नवल’ मासिक अद्भुताला जागा देत होतं. पण कुणीही अनोळखी माणसानं कथा पाठवावी, ती जाणकारांनी वाचावी आणि बरी असेल तर तिला बक्षीस द्यावं, ही सोय परिषदेच्या स्पर्धेनं केली.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, कऱ्हाडला साहित्य संमेलन झालं. ते लोकांच्या लक्षात आहे दुर्गा भागवतांनी आणीबाणीविरुद्ध घेतलेल्या भूमिकेमुळे. त्याच दुर्गाबाईंनी अध्यक्षपदावरून नारळीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेतली होती. लोककथांचा एवढा अभ्यास केलेल्या बाईला विमानं, यक्ष, राक्षस यांच्या रांगेत कृष्णविवर परकं वाटलं नसावं, असं मला वाटतं. १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी लिहिणाऱ्यांची फळीही याच सुमारास तयार होत गेली.

एवढं होऊनही साहित्याच्या मोठ्या मांडवात विज्ञानकथेला कायम पाहुणीसारखं बसवलं गेलं. समीक्षक एका परिच्छेदात तिचा उल्लेख करत, तोही ‘नवे प्रवाह’ या मथळ्याखाली, आणि हे प्रवाह पन्नास वर्षांनीही नवेच असत. लोंढ्यांची ‘दुसरा आइनस्टाइन’ ही कथा घ्या. बाळ फोंडक्यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी १९९३ मध्ये भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह केला, त्यात ती गेली. तिथून ती अमेरिकेतल्या जेम्स गन यांच्या जगभरच्या विज्ञानकथांच्या संकलनात पोहोचली. मराठी कथेला हे भाग्य क्वचित लाभतं, पण आपल्याकडे त्याची चर्चा विज्ञानकथा वाचणाऱ्यांच्या वर्तुळाबाहेर फारशी गेली नाही.

इथे जरा लांबचं एक उदाहरण काढतो. ब्रिटनच्या बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू झाली. तिच्या पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा लखनौत जन्मलेला पंचविशीचा तरुण होता. पोलिसांना फोन करण्यासाठी रस्त्यात असायची तशी निळी पेटी, तिच्यात बसून काळात हिंडणारा ‘डॉक्टर’ नावाचा एक परग्रहवासी, आणि नट बदलायचा झाला की त्या परग्रहवासीयालाच नवा देह मिळतो ही चलाख सोय. १९८९ मध्ये मालिका बंद पडली, २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि बक्षिसांचा पाऊस पडला. २००६ मध्ये बाफ्टानं तिला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिका ठरवलं. विज्ञानकथेच्या जगात सगळ्यात मानाचं असलेलं ह्यूगो पारितोषिक २००६ ते २०१२ या सात वर्षांत सहा वेळा तिच्या भागांना गेलं. मध्ये फक्त २००९ साल सुटलं.

त्यातला ‘ब्लिंक’ हा भाग दाखवण्यासारखा आहे. दगडी देवदूतांचे पुतळे. तुम्ही बघत असलात की ते दगड, पापणी लवली की ते पुढे सरकलेले. बस्स, एवढंच. नायक भागात जवळपास नाहीच, बराचसा वेळ तो डीव्हीडीच्या पडद्यावरून बोलतो. पुतळा हलताना एकदाही दिसत नाही, म्हणजे हालचाल दाखवण्याचा खर्चही नाही, आणि तरी पाहणारा डोळे मिटायला घाबरतो. लेखक स्टीव्हन मोफॅट. मालिकेच्या सहा ह्यूगोंपैकी चार एकट्या मोफॅटच्या लेखणीचे.

आणि मग पाऊस थांबला. २०१३ पासून नामांकनं येत राहिली, बक्षीस नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’, ‘द एक्स्पान्स’, ‘द गुड प्लेस’ अशा मालिका पुढे निघून गेल्या. २०१९ च्या यादीत विनय पटेल यांनी लिहिलेला ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ होता. डॉक्टरची सहप्रवासी यास्मिन आपल्या आजीचं तरुणपण बघायला ऑगस्ट १९४७ च्या पंजाबात जाते आणि फाळणी एका घराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहते. परग्रहावरचे राक्षस त्यात आहेत, पण खून माणसंच करतात. मला तो मालिकेतला सर्वांत प्रौढ भाग वाटतो. ह्यूगो मात्र ‘द गुड प्लेस’ला गेलं. २०२२ आणि २०२३ च्या अंतिम यादीत तर डॉक्टरचं नावच नव्हतं. २०२४ आणि २०२५ मध्ये प्रत्येकी दोन भाग परत यादीत आले आणि हरले.

ह्यूगो कोण देतं, ते बघण्यासारखं आहे. परीक्षक मंडळ नाही. जागतिक विज्ञानकथा संमेलनाची वर्गणी भरणारा कुणीही वाचक मत देतो, आणि तेही पसंतीक्रमानं: पहिली पसंती, दुसरी, तिसरी. कोकण पदवीधर मतदारसंघात विधान परिषदेसाठी मत टाकलेल्या वसई-विरारकरांना ही मतपत्रिका समजावून सांगायला नको. त्यामुळे ‘एकाच मालिकेचे तीन-तीन भाग उभे, म्हणून मतं फुटली’ हे चाहत्यांचं नेहमीचं रडगाणं तितकंसं खरं नाही. एक भाग बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. मतदारांचं मन बदललं, दूरचित्रवाणीवर चांगल्या विज्ञानकथा वाढल्या, हेच त्याचं सरळ कारण. चाहत्यांची लोकशाही शुद्ध असते अशीही समजूत नको. २०२३ च्या चेंगडू संमेलनात आर. एफ. क्वांग यांची ‘बेबल’ ही कादंबरी धड कारण न देता अपात्र ठरवली गेली आणि आकडे बाहेर आल्यावर मोठा गदारोळ झाला.

आपल्याकडे ही चाहत्यांची मतपेटी नाही. विज्ञानकथेला एक तर नाव झाकलेली स्पर्धा मिळते, नाही तर साहित्यिकांची समिती. समितीचा हिशेब पाहा. नारळीकरांना साहित्य अकादमीचा पुरस्कार २०१४ मध्ये मिळाला, पण ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला. पुस्तक छान आहे, वाद नाही. पण ज्या लेखनानं त्यांना घराघरांत नेलं ते कथांचं, आणि अकादमीनं हात पुढे केला तो आयुष्य सांगितल्यावर.

त्यांच्या कथांमधली माझी आवडती ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. तिची इंग्रजी आवृत्ती एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आहे, तेव्हा मराठी न वाचणारी मुलंही ती परीक्षेसाठी वाचतात. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे ट्रकच्या धडकेनंतर अशा जगात पोहोचतात, जिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि मराठे जिंकले. वसईच्या माणसाला ही कथा जरा जास्तच लागते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी आमचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, आणि १७६१ ला पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ हे त्याच चिमाजी अप्पांचे चिरंजीव. एक गोळी जराशी बाजूनं गेली असती तर, हा खेळ किल्ल्याच्या तटावर बसून मनातल्या मनात सहज खेळता येतो.

त्या कथेत एक गमतीचा प्रसंग आहे. आझाद मैदानावर सभा चालू आहे आणि अध्यक्षाची खुर्ची रिकामी. आयुष्यभर सभांचं अध्यक्षपद भूषवलेल्या गंगाधरपंतांना ते बघवत नाही. ते सरळ जाऊन बसतात. त्या जगातल्या लोकांनी अध्यक्षीय भाषणांचा धसका घेऊन अध्यक्षच रद्द केलेले असतात, त्यामुळे पंतांवर टोमॅटोंचा मारा होतो. संमेलनांवर याहून मोठा टोला मराठीत कुणी मारला असेल असं वाटत नाही.

आणि टोला मारणाऱ्यालाच पुढे तशी खुर्ची मिळाली. पूर्वी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष मतदानानं निवडला जाई. मतदार हजाराच्या आसपास, आणि प्रचार, दौरे, गटबाजी सगळं असे. साहित्य महामंडळानं ती पद्धत बंद करून सन्मानानं निवड करायचं ठरवलं. २०१९ ला यवतमाळला अरुणा ढेरे आल्या. २०२० ला उस्मानाबादला ‘सुवार्ता’चे संपादक राहिलेले आमचे नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले आणि वसईत आनंदाला उधाण आलं. त्यांच्यानंतर, डिसेंबर २०२१ मध्ये, नाशिकच्या चौऱ्याण्णवाव्या संमेलनाला नारळीकर. मतं मागत फिरायचं असतं तर हे दोघेही त्या वाटेला गेले असते असं मला वाटत नाही. ख्रिस्ती धर्मगुरू आणि विज्ञानकथाकार, दोघेही मराठी साहित्याच्या रूढ गटांतले नव्हते.

नाशिकला प्रकृतीमुळे नारळीकर स्वतः येऊ शकले नाहीत. अध्यक्षाविना संमेलन म्हणून कुरबुर झाली. गंगाधरपंत वाचलेल्यांना त्यात हसू आलं असेल, तर तो त्यांचा दोष नव्हे. २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकर गेले. नाशिकनंतर उदगीर, वर्धा, अमळनेर, दिल्ली अशी संमेलनं झाली. कादंबरीकार आले, न्यायमूर्ती आले, लोकसाहित्याच्या अभ्यासक आल्या. विज्ञानकथेच्या वाट्याला ती खुर्ची पुन्हा आलेली नाही.