रिमांडची वेळ

दुपारचे तीन वाजलेत. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याचं फौजदारी कोर्ट. बोर्डावरच्या बहुतेक केसेसना तारखा पडल्यात, पक्षकार पांगलेत. बाहेर जीप थांबते. दोन पोलीस विशीतल्या एका पोराला आत आणतात. दुचाकीचोरी. काल संध्याकाळी अटक. चोवीस तासांत हजर करणं भाग, म्हणून पैरवी अंमलदाराची कागद लावायची धांदल उडालीय.

तपासी हवालदार उभा राहतो. दोन गाड्या हस्तगत करायच्यात, साथीदार फरार आहे, सबब पाच दिवसांचा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळावी. सरकारी वकील कलम सांगतात, ३०३ (२). बाकावरचे म्हातारे वकील पुटपुटतात, “म्हणजे आपलं तीनशे एकोणऐंशी.” जुलै २०२४ मध्ये न्यायसंहिता लागू झाली, ती बहुधा त्यांच्या जिभेपर्यंत अजून पोचायचीय.

न्यायाधीश मॅडम पोराकडे बघतात. “पोलिसांविरुद्ध काही तक्रार?”

तो हवालदाराकडे पाहतो. “नाही.”

“मारहाण केली का?”

“नाही.”

हवालदाराच्या कोपराला खेटून उभं राहून दुसरं काय सांगणार? टायपिंग चालू होतं.

दाराशी त्याची आई उभी आहे. खालच्या कोर्टांची अधिकृत भाषा १९९८ पासून मराठी. आदेशातही ‘पोलीस कोठडी’ असंच उमटणार. पण ती शेजारच्या ज्युनिअर वकिलाला विचारते, “पीसीआर पडला का एमसीआर?” एमसीआर म्हणजे पोलिसांच्या ताब्यातून सुटून जेल, आणि मग बेल टाकायला वाट मोकळी. पीसीआर चालू असेपर्यंत बेल सहसा होत नाही. तिला हे सांगावं लागत नाही. “थोरल्याच्या टायमाला समदं कळलंय,” ती म्हणते. जामीनदार म्हणून तिनं दिरालाच आणलंय. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा.

मॅडम दोन दिवस देतात. पोराला बाहेर काढतात. आईला त्याच्याशी बोलता येत नाही, चपला तेवढ्या द्यायला मिळतात.

“परवा एमसीआर मागू, लगेच बेल टाकू,” वकील सांगतो. “ऐपतीचा दाखला मागतील.”

दीर पिशवी पुढं करतो. “ह्याच्यावर भागत न्हाई?”

“भागलं तर भागलं. तुम्ही अर्ज देऊन ठेवा.”

“तहसील उघडी असंल अजून,” ती दिराला म्हणते, “गाडी काढा.”