मे महिन्यातला मास्क

मे महिन्यात नागपुरात रात्री अकरा वाजताही वरच्या मजल्यावरची भिंत हाताला गरम लागते. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आग ओकत असतो. 23 मे 2013 ला इथे 47.9 अंशांची नोंद झाली होती. तेवढं रोज तापत नाही, पण चव्वेचाळीस-पंचेचाळीसचं आम्हाला फारसं नवल उरलेलं नाही. अशा खोलीत नाकातोंडावर सिलिकॉनचा मास्क, डोक्याभोवती पट्टे आणि उशाशी चालू असलेलं सीपॅप मशीन, एवढा सरंजाम घेऊन झोपायचं असतं. त्यामुळे उन्हाळा आला की पुष्कळ जण मशीन कपाटात ठेवून देतात. पावसाळा लागला की पुन्हा लावू, म्हणतात. मी स्वतः मशीन लावून झोपते, म्हणून हे ऐकलं की जीव तुटतो. ज्या स्लीप ॲपनियासाठी हे मशीन लावतात तो काही ऋतू बघून थांबत नाही. झोपेत घशाचा मार्ग मिटायचा तो मिटतोच, रक्तातला प्राणवायू उतरायचा तो उतरतोच, आणि मेंदू दचकवून जागं करायचं ते करतोच. तासाला असे पाचहून जास्त अडथळे आले तर आजार धरतात, तिसाच्या वर गेले की तो तीव्र समजतात.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. रात्री दरदरून घाम येणं हे उपचार न घेतलेल्या स्लीप ॲपनियाचंही लक्षण आहे. श्वासासाठी शरीराची रात्रभर झटापट चालते, तिचा तो घाम. म्हणजे गरमी होते म्हणून मास्क काढला, तर घाम कमी होण्याऐवजी वाढायचीच शक्यता. पन्नाशीच्या बायकांना तर पाळी जातानाची अंगातली उष्णता वेगळीच असते. यातला कुठला घाम कशाचा, हे आपलं आपण ठरवू नये; डॉक्टरांना सांगावं.

मशीन गार हवा तयार करत नाही, ही यातली मूळ गोष्ट. ते खोलीतलीच हवा ओढतं, दाब वाढवतं आणि नळीतून नाकाशी आणून सोडतं. 1980 मध्ये सिडनीत डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी हा उपचार पहिल्यांदा करून पाहिला तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती. आजची मोटर लहान आहे, आवाज जवळपास नाही, पण तत्त्व तेच. मोटर चालते म्हणजे थोडी तापते. त्यामुळे मास्कमधली हवा खोलीतल्या हवेहून किंचित गरमच असते. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत ते 5 ते 35 अंशांच्या खोलीत वापरावं, असं छापलेलं आहे. नागपुरातल्या वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत मे महिन्यात रात्री दहाला किती तापमान असतं, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. म्हणून मी म्हणते, उन्हाळ्यात नवा मास्क शोधण्याआधी मशीन कुठली हवा खातंय ते बघा.

आमच्याकडे रात्र कूलरवर निघते. कूलर खिडकीत बसवलेला हवा आणि समोरचं दार किंवा झरोका उघडा हवा. ओली हवा बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोली दमट होते, घाम वाळत नाही आणि ओल्या गालावरून मास्क घसरायला लागतो. मशीन कूलरच्या झोतासमोर ठेवू नये, कारण ताटीवरचे बारीक तुषार उडतात. पण खोलीच्या गार भागात मात्र ते असावं. मी ते पलंगाच्या उंचीहून खाली, एका स्टुलावर ठेवते. पडद्याला किंवा भिंतीला चिकटून नाही, म्हणजे हवा ओढायची त्याची मागची बाजू मोकळी राहते. जमिनीवर ठेवलं तर झाडताना उडालेली धूळ सगळी त्याच्या पोटात जाते.

मशीनला जो वास मिळतो तो सरळ तुमच्या नाकात येतो. कूलरच्या टाकीतलं पाणी शिळं झालं की पहिल्यांदा मास्कमध्ये कळतं. मच्छर अगरबत्तीचं तसंच. फिल्टर धूळ अडवतो, वास आणि धुराचा वायू अडवत नाही. त्यामुळे कॉइल बंद, मच्छरदाणी चालू, असा आमचा नियम आहे. मच्छरदाणीच्या कडेखालून नळी आत घ्यायची आणि मशीन बाहेर ठेवायचं. मच्छरदाणीत वारा कमी लागतो हे खरं, म्हणून टेबलफॅन जवळ घ्यायचा, त्याचं तोंड चेहऱ्याकडे. गालावर वारा लागला की गुदमरल्यासारखं वाटणं कमी होतं. दम लागणाऱ्या रुग्णांसाठी डॉक्टरही छोटा पंखा हाताशी ठेवायला सांगतात. मास्कवर बारीक भोकं असतात, तिथून आपला उच्छ्वास बाहेर पडतो. वारा लागावा किंवा आवाज कमी व्हावा म्हणून ती भोकं कापडाने कधीही झाकायची नाहीत.

आता मास्क. त्याच्या कुशनची कड जवळून बघितली तर तिथे सिलिकॉनचे दोन थर दिसतात. चेहऱ्याकडचा पातळ, बोट लावलं तरी दुमडणारा; त्याच्यामागचा जाड, आधाराचा. मशीन चालू झालं की हा पातळ थर भाजलेल्या फुलक्याच्या पापुद्र्यासारखा हवेने फुगतो आणि चेहऱ्याच्या चढउतारांवर अलगद बसतो. हवा अडवण्याचं काम तोच करतो. उन्हाळ्यात घामाने मास्क सरकला, कडेने हवा डोळ्यांत जायला लागली, की हात आपोआप पट्टे आवळायला जातो. पट्टे आवळले की तो पातळ थर चेपतो, त्याला फुगायला जागा उरत नाही आणि हवा आणखी सुटते. वर नाकाच्या हाडावर लाल वळ येतो, त्यात घाम मुरतो, सकाळी तिथली कातडी चुरचुरते.

करायचं ते उलटं. आडवं पडायचं, मशीन चालू करायचं, पूर्ण दाब येऊ द्यायचा. बसून बांधलेला मास्क आडवं पडल्यावर तसाच बसत नाही, कारण गाल मागे ओघळतात. मग मास्क दोन बोटांनी चेहऱ्यापासून जरा पुढे ओढायचा, कड फुगू द्यायची आणि हळूच टेकवायचा. हवा सुटत असेल तिथले पट्टे किंचित ओढायचे, दोन्ही बाजू सारख्या. पट्ट्याखाली बोट सहज जायला हवं. एवढं झालं की निम्मी गरमी गेल्यासारखी वाटते, कारण घट्ट बांधलेलं काहीही उन्हाळ्यात नकोसंच होतं.

झोपायच्या आधी साध्या साबणाने तोंड धुवून, पुसून, कोरडं करून मगच मास्क लावायचा. क्रीम नको, घामोळ्याची पावडर तर नकोच. पावडर घामात भिजून कडेला लगदा होतो आणि उरलेली श्वासातून आत जाते. घामोळं आलं असेल तर पावडर मानेवर, पाठीवर, तीही मास्कपासून दूर. पुरुषांनी एक बघावं: दाढीचे खुंट वाढले की कड नीट बसत नाही, म्हणून दाढी सकाळऐवजी संध्याकाळी केलेली बरी. लांब केसांच्या बायकांनी आंबाडा मागे न ठेवता वर बांधावा किंवा सैल वेणी पुढे घ्यावी; आंबाड्यावर पट्टा चढला की तो रात्रभर सरकत राहतो. केसांना तेल चोपडलेलं असेल तर पट्टे तेलकट होऊन ढिले पडतात, तेव्हा तेल आंघोळीच्या आधी.

ज्यांना सिलिकॉन सहनच होत नाही त्यांच्यासाठी मास्कखाली घालायची सुती अस्तरं मिळतात. घरीही होतं: जुन्या मलमलच्या साडीचा धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा घ्यायचा, कुशनच्या आकाराचा कापायचा, मध्ये नाकातोंडापुरती मोकळी जागा ठेवायची. शिवण घालू नका, शिवणीच्या उंचवट्यावरून हवा सुटते. घाम हे कापड पिऊन घेतं, सकाळी धुऊन टाकता येतं. पण अस्तर लावल्यावर मशीनच्या पडद्यावर गळतीचा आकडा बघा. तो वाढला असेल तर ते अस्तर तुमच्यासाठी नाही. तोंड मिटून झोपणाऱ्यांनी नाकपुड्यांशी बसणाऱ्या छोट्या मास्कबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं; चेहरा सगळ्यात कमी झाकला जातो तो त्यात. फार जास्त दाब लागणाऱ्यांना मात्र तो सगळ्यांनाच मानवत नाही.

कुशन रोज सकाळी कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवायचं. उन्हाळ्यात यात एक दिवसाचीही सवलत नाही, कारण घाम आणि चेहऱ्यावरचं तेल कडेवर बसलं की ती निसरडी होते आणि पुढे कडक पडते. वाळवायचं सावलीत. गच्चीवर पापड-कुरडया वाळत असतात म्हणून मास्कही तिथे नेऊ नये, त्या उन्हात सिलिकॉन लवकर जातं. पट्टे आठवड्यातून एकदा हाताने धुवायचे. फिल्टर पांढऱ्याचा राखाडी झाला की बदलायचा. एप्रिल-मेच्या वावटळींत तो इतर महिन्यांपेक्षा लवकर काळवंडतो.

पाण्याच्या भांड्याबद्दल म्हणजे ह्युमिडिफायरबद्दल सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. विदर्भातला उन्हाळा कोरडा. इथे धडधाकट माणसाचाही घोळणा फुटतो. त्यात रात्रभर दाबाची हवा नाकातून गेली तर नाक आतून तडकतं, म्हणून पाणी हवंच. पण ते तापवणं गरजेचं नाही. तापवण्याची सोय बंद ठेवून भांड्यात पाणी भरलं तरी हवा त्यावरून जाताना थोडी ओलावते आणि गरमही होत नाही. कूलर चालू असेल तर तेवढं पुरतं. मुंबईत, कोकणात, गोव्यात हवेतच पाणी असतं. तिथे अनेकांना मे महिन्यात ह्युमिडिफायर अगदी कमी किंवा बंद ठेवून चालतं. पाणी डिस्टिल्डच घ्यावं, रोज बदलावं. गाडीच्या बॅटरीत घालायचं पाणी स्वस्त मिळतं, एसीच्या नळीतून ठिबकणारं तर फुकट, पण ही दोन्ही पाणी श्वासासाठी नाहीत.

एसी असणाऱ्यांची अडचण वेगळी. खोली अठरा-वीस अंशांवर आणि ह्युमिडिफायर गरम, अशी जोडी जमली की नळीतली ओली हवा थंड भिंतींना लागून तिचं पाणी होतं. पहाटे नळीत गुडगुड ऐकू येते, दाब हेलकावे खातो आणि एकदम नाकावर गार थेंब उडतात. माणूस दचकून उठतो आणि मास्क भिरकावतो. एसी पंचवीस-सव्वीसवर ठेवून पंखा लावला, झोत नळीवर येऊ दिला नाही, ह्युमिडिफायर दोन पायऱ्या खाली आणला आणि मशीन पलंगाच्या उंचीहून खाली ठेवलं, की हे बहुतेक थांबतं. मशीन खाली असलं म्हणजे साठलेलं पाणी नाकाकडे न येता मागे उतरतं. नळीवर सुती कापडाची गवसणी घातली तरी फरक पडतो.

नवतपा संपून मृग लागायच्या आधीचे दिवस मात्र सगळ्यात कठीण. हवेत ओल येते, पाऊस येत नाही, कूलर नुसता चिकटपणा वाढवतो. तेव्हा कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, भांड्यातलं पाणी तापवण्याची सोय बंदच असू द्यावी. गच्चीवर झोपायची आपल्याकडची पद्धत चांगली आहे आणि मशीन घेऊन गच्चीवर झोपताही येतं, फक्त वायर पायात न येईल अशी टाका, मशीन जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा आणि वळवाच्या सरीचा भरवसा धरू नका.

लाइट जाणं हाही उन्हाळ्याचाच भाग. तापवण्याची सोय बंद असेल तर मशीन छताच्या साध्या पंख्याहून कमी वीज खातं, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवर ते रात्र काढू शकतं. ह्युमिडिफायर आणि गरम नळी चालू असेल तर बॅटरी लवकर उतरते. मशीन बंद पडलं तर घाबरू नका. नाकातोंडावरच्या मोठ्या मास्कला एक झडप असते, दाब गेला की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. तरी लाइट लवकर येण्याची चिन्हं नसतील तर मास्क काढून ठेवावा आणि कुशीवर झोपावं.

आणि लग्नसराई. दहा बायका एका हॉलमध्ये सतरंजीवर झोपलेल्या, त्यात आपण मास्क कसा लावायचा, म्हणून कितीतरी जणी तो घरीच ठेवून जातात. लाजू नका. दोन मिनिटं लोक बघतात, मग झोपतात. तुमच्या घोरण्याने त्यांची झोप मोडत नाही, हे त्यांनाही सकाळी पटतं. प्रवासाला निघताना भांड्यातलं पाणी ओतून टाका, नाहीतर ते मशीनच्या मोटरमध्ये जातं. आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत मशीन ठेवू नका.

दाबाचा आकडा मात्र आपल्या मनाने बदलू नये. गरमीत दाब जास्त वाटतो, पण तो तुमच्या घशासाठी ठरवलेला असतो, हवामानासाठी नव्हे. सहन होत नसेल तर डॉक्टरांना किंवा मास्क बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाला फोन करा. सुरुवातीला दाब हळूहळू चढवणं, श्वास सोडताना तो कमी करणं अशा सोयी मशीनमध्ये असतात आणि त्या लावून मिळतात. होळीनंतर माळ्यावरून कूलर काढाल, ताट्या बदलाल, त्याच दिवशी मास्कचं कुशन, पट्टे आणि फिल्टरही बघून घ्या. ढिलं-फाटलेलं असेल ते तेव्हाच मागवा, मे महिन्याची वाट बघू नका.